बुडी मारण्याचा बेत

दिवाळी अंकासाठी सहलीवर काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा मला हसू आले. गेले दोन महिने आमच्या घरी एका सहलीचे रामायण चालले आहे. ते खुसखुशीत झाले की नाही, हे घाण्यातल्या चकलीसारखे शेवटीच कळायचे!

झाले असे. आमची कन्या यंदा नववीत आहे. घटक चाचणी संपली त्या रात्री तिने पानावर बसता बसता जाहीर केले, "बाबा, मला समुद्रात बुडी मारायचीय. भूमध्य समुद्रात!"

वाचकहो, मी राहतो पेणला आणि मराठी शिकवतो रोह्याच्या कॉलेजात. नागोठण्यापलीकडे गाडी गेली की मला परगावी आल्यासारखे वाटते. "भूमध्यच का?" मी विचारले.

उत्तर तयार होते. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बांदोल नावाचे गाव आहे. तिथे १९४३ च्या जूनमध्ये, महायुद्ध चालू असताना, जाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याने पाठीवर हवेची नळकांडी बांधून बुडी मारली. त्याचा जोडीदार एमिल गान्यां हा इंजिनिअर. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून त्याने एक झडप तयार केली होती. तीच सुधारून पाण्याखाली माणसाच्या तोंडाशी आणली. श्वास ओढला की हवा येते, एरवी बंद. या साधनाच्या बुडीला आज सारे जग स्कूबा म्हणते.

पासपोर्ट, व्हिसा, विमानाची तिकिटे यांची बेरीज सौभाग्यवतींनी वाण्याच्या बिलामागे मांडली आणि पेन्सिल खाली ठेवली. नळकांडे पाठीवर चढण्यापूर्वीच मला धाप लागली. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "परवडणार नाही." खरे सांगतो, मनातून हायसे वाटले.

पण दुसऱ्याच दिवशी कन्या म्हणाली, "मग मालवण?" दिवा-सावंतवाडी गाडी पेणला थांबते. कुडाळला उतरायचे, पुढे एस्टी. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाचे स्कूबा शिकवणारे केंद्र आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि गढूळ, म्हणून बेत नाताळच्या सुट्टीचा. नवशिक्याला पोहता यायलाच हवे असे नाही. शिक्षक बरोबर उतरतो.

पैशाची सबब गेली. खरे कारण तेवढे उरले.

१९८९ च्या जुलैत अंबा नदीला महापूर आला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आजी आजारी म्हणून आईबरोबर नागोठण्याला मामाकडे गेलो होतो. पाणी ओटीवर आले, ओटीवरून माजघरात. आईने मला माळ्यावर ढकलले आणि मागून स्वतः चढली. पाणी उतरल्यावर शेजारची माझ्याच वयाची मुलगी पुन्हा दिसली नाही. त्यानंतर आईने मला पेणच्या भोगावतीवरसुद्धा एकट्याला जाऊ दिले नाही. आज चाळिशी उलटली, तरी मला पोहता येत नाही. त्या पुराविषयी आमच्या घरात कुणी बोलत नाही.

कन्येने बुडीच्या अर्जाचा नमुना छापून आणला. दम्याचा, कानाचा, हृदयाचा विकार आहे काय, असे प्रश्न. आणि खाली, मूल अठराच्या आतले असल्यास पालकाची सही. तो कागद आठ दिवस माझ्या टेबलावर पेपरांच्या गठ्ठ्याखाली पडून होता. कन्या मात्र मला नियम शिकवीत होती. "बाबा, पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे श्वास कोंडून वर आलो, तर छातीतली हवा दुपटीने फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा होते. सारखा श्वास घेत राहायचं."

आई वाती वळत ऐकत होती. रात्री मला एकट्याला गाठून म्हणाली, "सही का करत नाहीस?"

मी गप्प.

"मी तुला पाण्यापासून जपलं, ते माझ्या भीतीपायी," ती म्हणाली. "तू तिच्यापाशी तेच करणार? पस्तीस वर्षांहून अधिक झाली, मी तो श्वास धरूनच बसलेय रे. ती पोरगी काय सांगते, ऐकलंस ना?"

थोड्या वेळाने म्हणाली, "मीही येते. काठावर बसेन. पण तू तिच्याबरोबर उतर."

आता आमची चार तिकिटे निघायची आहेत. रोज संध्याकाळी कन्या माझे नाक चिमटीत धरते आणि मला तोंडाने श्वास घ्यायला लावते. सौभाग्यवती हसून बेजार होतात. अर्जावर मी सही केली आहे. एका नव्हे, दोन अर्जांवर. एकावर पालक म्हणून, आणि दुसऱ्यावर, हात थोडा कापला खरा, पण उमेदवार म्हणून!