बॉनेट उघडणाऱ्यांच्या बाजूने

गाडी बंद पडली की खाली उतरून बॉनेट उघडणारा माणूस आता महाराष्ट्रातून नाहीसा होत चालला आहे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माळढोक पक्षी कमी झाले, तेव्हा 1979 साली आमच्या नगर आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात त्यांच्यासाठी अभयारण्य झालं. बॉनेट उघडणाऱ्यांसाठी काय झालं? काही नाही. उलट त्यांच्या मागं बायको, मुलगा, शेजारी आणि सरकार, असे चार शिकारी लागलेले असतात.

मी त्या दुर्मिळ जातीतला आहे. माझ्याकडे 1967 सालची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. मी तिला स्पोर्ट्‌स कार म्हणतो. यावर आमच्या घरात नेमानं हसतात. हसोत बापडे! वंशावळ काढून दाखवायला मी तयार आहे. विलायतेत 1959 साली ट्रायम्फ कंपनीनं हेराल्ड काढली, तिचं रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं ठरवलं. पुढं 1962 साली त्याच माणसानं, त्याच हेराल्डची चासी थोडी आखूड करून, तिच्यावर स्पिटफायर नावाची अस्सल स्पोर्ट्‌स कार बसवली. इंजिनं एकाच घराण्यातली. स्पिटफायरचं 1147 सी.सी., मद्रासला बनलेल्या आमच्या हेराल्डचं 948. म्हणजे माझी गाडी ही स्पोर्ट्‌स कारची थोरली बहीण झाली. धाकटी नाचात गेली म्हणून थोरलीच्या अंगात ताल नसतो, असं कुणी सांगितलं?

आणि तिचं बॉनेट! आजच्या गाड्यांचं बॉनेट म्हणजे टपालपेटीचं झाकण. हेराल्डचा मडगार्डांसकट सगळा पुढचा भाग मगरीच्या जबड्यासारखा पुढं उलटतो. चाकावर ऐसपैस बसावं आणि इंजिनाशी गप्पा माराव्यात. ज्यानं हे बॉनेट केलं त्याला मालकानं आत हात घालणं मान्य होतं. मुद्दा एवढाच आहे, आणि तो स्पोर्ट्‌स कारपेक्षा मोठा आहे.

आमच्या सावेडीत सकाळी फिरायला निघालेले लोक मला गाडीखाली पाहून थांबतात. माझे फक्त पाय दिसत असतात. ते पायांशी बोलतात. “काका, काढून का टाकत नाही? किती खर्च करणार अजून?” हेच गृहस्थ दर पाच वर्षांनी नवी गाडी घेतात आणि हप्ते फिटायच्या आत तिला विटतात. माझ्या खर्चाची काळजी त्यांनाच!

“पण गाडी तज्ज्ञाकडे द्यावी,” असं चिरंजीव पुण्याहून फोनवर सांगतात. ठीक. आता तज्ज्ञाचं ऐका. हेराल्डच्या पुढच्या चाकांना ट्रनियन नावाचा एक पितळी भाग असतो. त्याच्यात ग्रीस भरायचं नसतं. गिअरचं नव्वद नंबरचं तेल घालायचं असतं. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोचत नाही, आटे सुके राहून झिजतात, आणि एके दिवशी चाक नमस्कार घातल्यासारखं आडवं पडतं. हे पुस्तकात छापलेलं आहे. एका झकपक वर्कशॉपमध्ये मी हे तिथल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “अंकल, यू रिलॅक्स.” मी काचेच्या खोलीत रिलॅक्स होऊन फुकटची कॉफी पीत असताना आत त्यांच्या मुलानं ट्रनियनमध्ये ग्रीसची बंदूक रिकामी केली. ते ग्रीस रॉकेलनं धुऊन काढायला माझा एक अख्खा रविवार गेला. करंजी घाट उतरताना चाक माझं आडवं पडणार होतं, त्या साहेबांचं नाही. स्वतःच्या जिवाची ज्याला काळजी, त्यानं स्वतःच पुस्तक वाचावं, हे काय खूळ आहे?

नव्या गाडीत तर वाचायलाही काही ठेवलेलं नाही. बॉनेट उघडलं की आत एक काळं प्लॅस्टिकचं झाकण. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो का लागला हे ओळखायला यंत्र लागतं, आणि बऱ्याच वेळा तो दिवा घालवणं हीच दुरुस्ती असते! आपल्या पैशानं घेतलेली वस्तू आणि तिला काय होतंय हे आपल्यालाच कळू नये. ही मालकी नव्हे, पोटभाडेकरूपण आहे.

आता पेट्रोलचं घ्या. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपावर येऊ लागलं. इथेनॉल उसापासूनही होतं, आणि ऊस म्हणजे आमचा जिल्हा. विठ्ठलराव विखे पाटलांचा प्रवरेचा सहकारी साखर कारखाना इथलाच. त्याचा मला अभिमान आहे. पण हे इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. म्हणजे ज्या जिल्ह्यानं माझा चहा गोड केला, तोच आता माझ्या पेट्रोल पंपाचा पडदा चघळतो आहे. यावर रडत बसायचं? मी नळ्या बदलल्या, पडदा बदलला, कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा घातला. खर्च एका सहकुटुंब हॉटेलच्या जेवणाएवढा.

सुधारणा मी करतो, पण ती कशाला म्हणावी याचे माझे नियम आहेत. रेडियल टायर ही सुधारणा. उजेड बरा देणारा बल्ब ही सुधारणा. सायलेन्सर फोडून गल्लीतली बाळं उठवणं ही सुधारणा नव्हे. तो आजार आहे, आणि त्याच्याविरुद्ध कायद्याचं बावन्नावं कलम असावं, हे मला मान्य आहे. कंपनीनं ठरवलेल्या मूळ गोष्टी बदलू नका, असं सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये सांगितलं. सांगू दे. माझी तक्रार वेगळी आहे.

जुन्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी 2022 पासून सहाशेची पाच हजार झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजार. म्हणजे फी वयावर, प्रकृतीवर नाही. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी 2021 साली ‘व्हिंटेज’ नोंदणी निघाली, तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो. मग नियम वाचला. व्हिंटेज गाडी प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, दुरुस्तीला न्यावी, पेट्रोल भरायला न्यावी. रोजच्या वापराला नाही. म्हणजे पेट्रोल भरता येईल, पण भाजी आणता येणार नाही! आजोबांचा सत्कार करा, हार घाला, फक्त त्यांना चालू देऊ नका.

“धुराचं काय?” हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर करतं. तर मग धूर मोजा. धूर आणि ब्रेक तपासा, नापास झाली तर मी स्वतः तिला घरी ढकलत नेईन. पण न तपासता, जन्मतारीख पाहून दंड लावायचा असेल, तर हा नियम सभागृहांतही लावून पाहा. बाके ओस पडतील.

आणि हे सगळं नगरात घडावं? (कागदावर आता अहिल्यानगर, जिभेवरचं नगर जायला थोडा वेळ लागेल.) या शहरात लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे, तिथं रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी पोरं तोंडात बोटं घालून बघतात. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था इथं आहे. इथल्याच कारखान्यात लूना बनली, आणि लूनानं मध्यमवर्गाला रस्त्यात थांबून प्लग काढायला, पॉलिश पेपरनं घासायला आणि सदऱ्याला हात पुसायला शिकवलं. घरोघर एक प्लगपाना होता. आज त्याच घरांत मिक्सरचा फ्यूज उडाला की नवा मिक्सर येतो.

केंद्र सरकारनं 2022 साली ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून एक पोर्टल काढलं. त्यात मोटारी आहेत, ट्रॅक्टर आहेत, मोबाइल आहेत. चांगलं झालं. पण पोर्टलला हात काळे करता येत नाहीत. कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची पुस्तकं सामान्य माणसाला विकायला कायद्यानं भाग पाडा, वयाऐवजी प्रकृती तपासा, आणि शाळेत एक तास पाना धरायला शिकवा. एवढं झालं तर मला अभयारण्यही नको.

तोवर माझं एकच म्हणणं आहे. सकाळी फिरायला निघालात आणि गाडीखाली दोन पाय दिसले, तर सल्ला देऊ नका. शेजारी सात-सोळाचा इंची पाना पडलेला असेल. तो तेवढा हातात द्या.