अर्ज मीच लिहिला होता



२०२० सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. टाळेबंदी सुरू होती. आमच्या वस्तीच्या टोकाला, विहारापासून जवळच, चिंचेचे एक जुने झाड आहे. त्यावर मोठी वटवाघळे दिवसभर उलटी लटकलेली असत. आमच्या लहानपणापासून ती तिथेच होती आणि त्यांच्यामुळे कोणाचे काही बिघडले नव्हते.

त्या महिन्यात वर्तमानपत्रांत एक बातमी आली. भारतातल्या दोन जातींच्या वटवाघळांत कोरोना कुळातले विषाणू सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी म्हटले होते. बातमी शेवटपर्यंत वाचली असती तर कळले असते की ते विषाणू कोविडचे नव्हते. ते ज्या वटवाघळांत मिळाले ती केरळ, तामिळनाडू, पुदुच्चेरी आणि हिमाचल प्रदेशातली होती. माणसाला त्यांच्यापासून रोग झाल्याचा पुरावाही नव्हता. पण आम्ही मथळा वाचला आणि घाबरलो.

वस्तीत अर्ज लिहायचा म्हटला की लोक माझ्याकडे येतात, कारण कारकुनीत माझी वीस वर्षे गेली. मी लिहिले, "सदर झाडावर रोगट व घाणेरड्या प्राण्यांचा उपद्रव असून वस्तीच्या आरोग्यास धोका आहे." खाली पन्नासेक सह्या झाल्या. मे महिन्यात फांद्या छाटल्या गेल्या. ते दिवस वटवाघळांच्या पिल्लांचे होते. दोन पिल्ले खाली पडून मेली. बाकी थवा उडाला, तो परत आला नाही.

माझी मुलगी तेव्हा बी.एस्सी. करीत होती. रात्री जेवताना तिने विचारले, "बाबा, तुम्ही अर्जात 'रोगट' लिहिलं, ते कोणी तपासलं होतं का?" मला उत्तर देता आले नाही. आपण कार्यकर्ते गावोगावी सांगत फिरतो की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका. तथागताने धम्माविषयीसुद्धा 'एहिपस्सिको' म्हटले, म्हणजे या आणि स्वतः पाहा. मी पाहिले नव्हते, अर्ज मात्र लिहिला होता. त्यानंतर जे वाचले आणि पाहिले, ते आज सांगतो.

वटवाघूळ हा पक्षी नाही. ते अंडी घालत नाही, पिल्लाला दूध पाजते. खऱ्या अर्थाने उडणारा सस्तन प्राणी जगात हा एकच. त्याचा पंख म्हणजे त्याचा हातच आहे. बोटे लांबत गेली आणि त्यांच्यामध्ये कातडीचा पडदा आला. पक्ष्याचा पंख पिसांचा असतो. उडण्याची कला दोघांनी वेगवेगळ्या वाटेने कमावली.

ही कमाई फार जुनी आहे. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तान येथे लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तिथल्या थरांत वटवाघळांच्या सात जातींचे अवशेष मिळाल्याचे शास्त्रज्ञांनी २००७ साली जाहीर केले. ते पाच कोटी वर्षांहून जुने आहेत. अमेरिकेतल्या वायोमिंग येथील एका वटवाघळाचा सांगाडा सव्वापाच कोटी वर्षांपूर्वीचा आहे. माणूस नावाचा प्राणी तेव्हा पृथ्वीवर नव्हता.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शास्त्रज्ञ पूर्वी वटवाघळांचे दोन वर्ग मानत. फळे खाणारी मोठी वटवाघळे एका वर्गात, आणि अंधारात बारीक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून किडे पकडणारी लहान वटवाघळे दुसऱ्या वर्गात. वर्गवारी दिसण्यावरून आणि आकारावरून केलेली होती. २००० सालाच्या सुमारास पेशींतली आनुवंशिक द्रव्ये तपासली गेली, तेव्हा ती चुकीची ठरली. नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेली लहान वटवाघळे ही इतर लहान वटवाघळांपेक्षा मोठ्या फलाहारी वटवाघळांची जवळची नातलग निघाली.

असेच पाणपक्ष्यांचे झाले. आपल्या अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावावर टिबुकली नावाचा छोटा पक्षी दिसतो. बदकाच्या पिल्लासारखा दिसतो, पाण्यात बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. आपण त्याला बदकांत मोजतो. पण आनुवंशिक तपासणीत त्याचा सर्वांत जवळचा नातलग निघाला तो रोहित पक्षी, म्हणजे ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरणारा, उंच पायांचा, गुलाबी फ्लेमिंगो! एक मुठीएवढा आणि दुसरा मुलाच्या उंचीचा. डोळ्यांनी पाहून कोणी हे नाते सांगितले असते काय?

दिसण्यावरून आणि नावावरून ठरवलेली वर्गवारी किती पोकळ असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात पुराव्यानिशी मांडले. शिक्का मारणे सोपे असते, तो पुसायला पिढ्या जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. त्यांना मारणे हा गुन्हा नव्हता. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती यादीच गेली. माणसाची आणि प्राण्याची मी तुलना करीत नाही. पण न तपासता शिक्का मारण्याची रीत एकच आहे, आणि ती माझ्याही हातून घडली.

आता त्यांचे काम पाहा. मोठी वटवाघळे मोहाची फुले आणि फळे खातात. फुलांचे पराग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात आणि बिया दूरवर टाकतात. आपल्या विदर्भात मोहावर किती गरीब घरांचा उन्हाळा निघतो, हे गडचिरोली-गोंदियाच्या वाचकांना ठाऊक आहे. वड, उंबर, पिंपळ यांच्या बारीक बिया पक्षी आणि वटवाघळे यांच्या पोटातून जाऊन भिंतीत, खडकात रुजतात. ज्या पिंपळाला आपण बोधिवृक्ष म्हणून वंदन करतो, त्याची पेरणी करणाऱ्यांत हा 'घाणेरडा' प्राणीही आहे. लहान वटवाघूळ तर रात्रभर डास आणि पिकांवरचे किडे खात हिंडते. या कामाची मजुरी ते कोणाकडे मागत नाही.

मग धोका अजिबात नाही काय? आहे, आणि तो लपवणे हाही विज्ञानाचा अपमान होईल. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. म्हणून वटवाघळाला हात लावू नये. जमिनीवर पडलेले असेल तर मुलांना लांब ठेवून वनखात्याला कळवावे. अर्धवट कुरतडलेले फळ खाऊ नये, बाकी फळे धुऊन खावीत. चावा लागलाच तर जखम साबणाने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पण त्यांना हुसकणे हा उपाय नाही. ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षांच्या नोंदी अभ्यासून २०२२ साली असे दिसले की रानातले अन्न संपले आणि थवे वस्त्यांकडे, शेतांकडे पांगले की उपाशी वटवाघळांमधून हेंड्रा नावाचा विषाणू बाहेर पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे आमचा अर्ज आरोग्याच्या दृष्टीनेही उलटाच होता. शिवाय मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षात बहुधा एकच पिल्लू होते. थवा मोडला की तो भरून यायला फार काळ लागतो.

पाणपक्ष्यांची स्थिती याहून बरी नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजका. तलावाच्या काठी आणि धानाच्या बांधीत तो घरटे करतो. विजेच्या तारा आणि शेतातले विषारी औषध यांनी तो मरतो. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. पण घरटे वाचते ते शेवटी शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या हाताने, कारण निंदणीला बांधीत उतरणारा तोच असतो. त्याच भागातल्या ढीवर समाजाच्या स्त्रियांनी तलावांतली बेशरम उपटून पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, कारण मासा आणि पक्षी दोघेही त्या वनस्पतींवर जगतात, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. पक्ष्यांचे ज्ञान विद्यापीठातच असते असे नाही.

देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेल्या हंसाची गोष्ट आपल्या विहारात प्रत्येक मूल ऐकते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची एक प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा मी तोंडपाठ म्हणतो. चिंचेखाली ती दोन पिल्ले पडली, तेव्हा ती माझ्या ओठांवर होती, हातात नव्हती.

म्हणून या थंडीत एक काम करा. रविवारच्या वंदनेनंतर मुलांना जवळच्या तलावावर न्या. वही-पेन्सिल पुरे. कोणता पक्षी, किती, काय खात होता, एवढे लिहू द्या. संध्याकाळी वस्तीतल्या झाडावरून वटवाघळे कोणत्या दिशेला उडतात ते लांबून पाहू द्या. आणि मोठ्यांनी एखाद्या अर्जावर सही करण्यापूर्वी माझ्या मुलीचा प्रश्न स्वतःला विचारावा.

आमच्या चिंचेला आता पुन्हा दाट पालवी आली आहे. कामावरून येताना मी रोज वर पाहतो. फांद्या अजून रिकाम्याच आहेत.

भवतु सब्ब मंगलं.