अर्धा तास घराने द्यायचा

सिंगापूरमधल्या बेडोक जलाशयाभोवतीची वाट ४.३ किलोमीटरची आहे. झपझप चाललं तर तासाभराच्या आत फेरी पूर्ण होते. पूर्वी इथे वाळूची खाण होती. १९८६ मध्ये तिचा जलाशय झाला. संध्याकाळी या वाटेवर पळणारी तरुण मुलं, हात हलवत चालणारे चिनी आजी-आजोबा दिसतात, मधूनच मराठीही कानावर पडतं. त्यात एक वाक्य हमखास असतं : "रोज यायचं ठरवते, पण वेळच मिळत नाही."

ही सबब नाही, अडचण खरी आहे. आपल्या मनात व्यायाम म्हणजे पहाट, हे लहानपणापासून बसलेलं. सिंगापूरचं घड्याळ मात्र १९८२ पासून जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे लावलेलं आहे. त्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्याच आसपास मावळतो. शाळा साडेसातच्या सुमारास भरते. म्हणजे डबे, गणवेश, बस, सगळं अंधारातच उरकायचं. पहाट मुलांच्या नावावर गेलेली असते. उरते संध्याकाळ, आणि तिच्यावर ऑफिस, अभ्यास, स्वयंपाक असे सगळ्यांचेच हक्क.

या ओढाताणीत सगळ्यात आधी बळी जातो तो बहुधा घरातल्या बाईचा व्यायाम. तिला कोणी अडवत नाही. फक्त तिच्या जागी उभं राहायला कोणी नसतं. म्हणून मला वाटतं, वेळेचा प्रश्न एकट्याच्या निश्चयाने सुटणारा नाही. तो घराने मिळून सोडवायचा.

हिशेब अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम हवा आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा. सलग दहा मिनिटं तरी व्हायलाच हवीत, ही जुनी अटही आता नाही. लिफ्ट सोडून चढलेले जिने धरले जातात, एमआरटी स्टेशनपर्यंत भरभर चाललेली वाटही. उरलेल्यासाठी माणशी चार-पाच अर्धे तास लागतात.

आमच्या घरी सोमवार-बुधवारची संध्याकाळ माझी, मंगळवार-गुरुवारची नवऱ्याची, आणि रविवारी सगळे मिळून ईस्ट कोस्टला, समुद्राकाठी. ज्याची पाळी नसेल त्याने कुकर लावायचा आणि अभ्यास घ्यायचा. विजा कडाडू लागल्या की बाहेर जायचं नाही. मग सतरंजीवर सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाचा ध्यासाने प्रसार केला. सूर्यनमस्कारांना माणूस आडवा होईल एवढीच जागा लागते. इथल्या फ्लॅटमध्येही ती निघते.

बेडोकने आपलं काम चोख केलं आहे. जलाशय आहे, इमारतींखाली व्यायामाचे कोपरे आहेत. २०१७ पासून 'हार्टबीट'च्या एकाच वास्तूत पोहण्याचा तलाव, वाचनालय आणि पॉलिक्लिनिक आहे. पुढचं काम घराचं. फ्रिजवर मुलांचं वेळापत्रक असतंच. त्याच कागदावर आईचा आणि बाबांचा अर्धा तास नावानिशी लिहा. आणि त्या वेळात घर कोण सांभाळणार, तेही शेजारीच लिहा.