भूत रबराचं, मार खरा

गेल्या वर्षी लातूरला आमचं दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय जादूटोणाविरोधी कायद्याचा. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांतून बाया आल्या होत्या. रात्री जेवणं उरकल्यावर काय दाखवायचं असा प्रश्न निघाला, तेव्हा एका तरुण कार्यकर्तीनं 'पुराना मंदिर'चं नाव घेतलं. बाया हसल्या, दोघी-तिघी तर सरसावून बसल्या. पण आमच्या एक ज्येष्ठ ताई चिडल्या. "दिवसभर भूत नसतं म्हणून सांगायचं आणि रात्री भुताचाच सिनेमा लावायचा?" विषय तिथंच मिटला. मग एक माहितीपट लागला आणि निम्म्या बाया तो बघता बघता झोपी गेल्या.

मी त्या वेळी गप्प बसले. ती माझी चूक झाली. तेव्हा बोलले नाही ते आज इथं मांडते. 'पुराना मंदिर' दाखवायला हवा होता. अंधश्रद्धेवर बोलायला जमलेल्या बायांना तर आवर्जून दाखवायला हवा होता.

हे मी उगाच म्हणत नाही. १९८८ मध्ये 'वीराना' आला, तेव्हा आमच्या गावच्या टॉकीजवर त्याच्या पोस्टरला डांबर फासणाऱ्या पोरींत मी पुढं होते. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा कायदा १९८६ मध्ये झाला होता, आमच्या अंगात जोर होता. पोस्टरवर अर्ध्या कपड्यांतली बाई होती. त्या पोस्टरला डांबर लावलं याचा मला आजही पस्तावा नाही. पण सिनेमा न बघताच आम्ही त्यावर दोन शिक्के मारले: अश्लील, आणि अंधश्रद्धा पसरवणारा. पहिला शिक्का बराचसा खरा होता. दुसरा मी आज मागं घेते.

ज्या तरुण मैत्रिणींनी हे सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेलं रामसे कुटुंब. वडील एफ. यू. रामसे मूळचे रेडिओच्या धंद्यातले. त्यांना सात मुलगे. दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, संकलन, सगळी कामं भावाभावांत वाटलेली. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' त्यांनी महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून थोडक्या पैशांत पुरा केला. त्यानंतर 'दरवाजा', 'पुराना मंदिर', 'तहखाना', 'वीराना', 'पुरानी हवेली', 'बंद दरवाजा' अशी रांगच लागली. महागडे नट नाहीत, परदेशातलं चित्रीकरण नाही. धूर, लाल-निळा उजेड, करकरणारं दार आणि रबराचा मुखवटा. १९८४ मध्ये 'पुराना मंदिर'नं चांगला धंदा केला. त्यातला सैतान झालेले अजय अग्रवाल रूडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर होते. उंची आणि चेहरा त्यांचा स्वतःचा, बाकी कारागिरी.

मी 'पुराना मंदिर' पाहिला तो माळेगावच्या जत्रेत, डांबर प्रकरणानंतर दोन वर्षांनी. लोहा तालुक्यातली ही खंडोबाची जत्रा. जनावरांचा बाजार, तमाशाचे फड, आणि त्यांच्या पलीकडं सिनेमाचा तंबू. मधोमध दोरी बांधलेली, एका बाजूला गडी, दुसरीकडं बाया आणि लेकरं. पडद्यावर सामरी आला तशी लेकरं किंचाळली. माझ्या शेजारी एक म्हातारी आजी शेंगा फोडत बसली होती. मी डोळे झाकलेले पाहून ती म्हणाली, "कामून भ्यायलीस माय? त्याच्या मानंपाशी शिवण दिसूलाली की!"

मी डोळे उघडले. शिवण खरंच दिसत होती. मग आम्ही दोघी हसत बसलो. त्या सिनेमांची जी काही गोडी आहे ती मला त्या आजीनं दाखवली. हे भूत गरिबाच्या ऐपतीचं आहे. ते आपल्याला फसवू शकत नाही. आपण पैसे मोजून तीन तास त्याला भितो आणि बाहेर येऊन चहा पितो. आपल्या गावातल्या बाईला असं किती भीतींच्या बाबतीत करता येतं?

आता त्या सिनेमाची गोष्ट नीट ऐका. सामरी नावाचा सैतान माणसं मारतो. राजा त्याचं मुंडकं तोडायची शिक्षा देतो. मरताना सामरी शाप देतो, की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. भांडण दोन पुरुषांचं. एकानं शिक्षा दिली, दुसऱ्यानं सूड घेतला. भोगायचं मात्र बायांनी, तेही कुशीतून. दोनशे वर्षांनंतरचा ठाकूर मुलीच्या प्रेमाला आडवा येतो, आणि खरं कारण तिच्यापासून दडवून ठेवतो. तिच्याच जिवाची गोष्ट तिलाच ठाऊक नाही. मैत्रिणींनो, आपण आरोग्याच्या शिबिरांत हेच सांगत आलो ना? बाळंतपणाची भीती बाईची, निर्णय घरातल्या गड्यांचा, आणि माहिती तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडं तर याच्याही पुढची पायरी आहे. बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते म्हणतात. वेळेवर गाडी मिळाली नाही, रक्त मिळालं नाही, अंगात रक्तच नव्हतं, म्हणून ती गेली. आणि गेल्यावर तीच गावाला छळणारी ठरली. जिला गावानं वाचवलं नाही तिलाच गावानं भूत केलं. रामसेंच्या सिनेमात निदान शाप देणारा बाप्या आहे, आणि तो पडद्यावर सगळ्यांना दिसतो.

१९९० चा 'बंद दरवाजा' घ्या. ठाकुराच्या घरात मूल नाही, नवऱ्यानं दुसरं लग्न करावं म्हणून दबाव आहे. म्हणून ठकुराईन काळ्या पहाडावर सैतानाकडं जाते. तो अट घालतो: मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. ही गोष्ट मी एकदा आमच्या बचत गटात सांगितली, तर एक बाई ताडकन म्हणाली, "ओ ताई, ह्ये तर आमच्या सासूचं बोलणं हाय!" गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, देशानं १९९४ मध्ये. या दोन कायद्यांच्या मधल्या वर्षांत एका स्वस्तातल्या सिनेमानं तंबूतल्या बायांपुढं ही अट स्पष्ट शब्दांत उच्चारली, आणि उच्चारणाऱ्याला सैतान म्हटलं. आपल्या किती कौटुंबिक सिनेमांनी हे केलं? 'माहेरची साडी' बघून आपण रडलो. पण तिथं छळ सोसणारी सून हाच आदर्श होता.

म्हणजे रामसे स्त्रीमुक्तीवाले होते का? मुळीच नाही. त्यांच्या सिनेमात बाईला पाण्याखाली उभं करायला कोणतंही निमित्त चालतं. 'वीराना'त स्वतःच्या इच्छेनं पुरुषाकडं बघणारी बाई चेटकीण ठरते आणि तिला फासावर लटकवलं जातं. सैतान आवरतो तो त्रिशुळानं, डॉक्टर किंवा शिक्षकाच्या शहाणपणानं नाही. हे सगळं मला दिसतं आणि ते मी झाकत नाही. पण यावर बोलायचं तर आधी सिनेमा बघावा लागतो. डांबराच्या डब्यातून ही चर्चा होत नाही.

आता ज्येष्ठ ताईंच्या मुद्द्याकडं येते. असे सिनेमे बघून बायांची भुतावरची श्रद्धा वाढते, असं त्यांचं म्हणणं. नांदेड-लातूरच्या, तेलंगण आणि कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात भानामतीचा बोलबाला किती जुना आहे ते त्यांनाही ठाऊक आहे. घरावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे पेट घेतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, बाया घुमतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणं तपासली तेव्हा दगड मारणारा हात माणसाचाच निघाला. भानामती सिनेमापेक्षा कितीतरी जुनी आहे. ती तंबूतून आली नाही.

सीमेवरच्या एका गावात मी एका सुनेला भेटले होते. दोन मुली, तिसरीही मुलगीच झाली. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली, ती एकटीच बोलू लागली, लेकराला जवळ घेईना. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, हे आज आपण सांगू शकतो. घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवली आणि तिला मांत्रिकापुढं बसवलं. मिरच्यांची धुरी दिली. भूत नाव सांगत नाही म्हणून चिंचेच्या फोकानं मारलं. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या पाठीवर वळ होते. तिनं आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नव्हता.

तिचं भूत रबराचं नव्हतं म्हणूनच ते इतकं महागात पडलं. त्याला कुठंच शिवण दिसत नव्हती. नवरा, सासू, मांत्रिक, गोळा झालेलं गाव, सगळे मिळून ते खरं करत होते.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, आणि त्याखालचा पहिला गुन्हा आपल्या नांदेडमध्ये नोंदला गेला. दुर्धर आजार चमत्कारानं बरे करण्याच्या जाहिरातीचं ते प्रकरण होतं. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली, साखळीनं बांधलं, मिरचीची धुरी दिली, तर सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. मैत्रिणींनो, हा कायदा कोणाला पकडतो ते बघा. धाक दाखवून लुबाडणाऱ्याला आणि फोक उगारणाऱ्याला. तिकीट काढून भुताचा सिनेमा बघणाऱ्या बाईला तो हात लावत नाही. आपणच तिच्यावर का डोळे वटारायचे? याच 'पुराना मंदिर'मध्ये सदाशिव अमरापूरकर आहेत. आणि कार्यकर्त्यांसाठीच्या सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात डॉ. लागू, निळू फुले यांच्याबरोबर उभे राहिले तेही हेच अमरापूरकर.

दुसरं भांडण माझं शहरातल्या हौशी रसिकांशी आहे. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम रामसे २०१९ मध्ये. तेव्हापासून या सिनेमांचं कौतुक फार वाढलं आहे. मुखवटा कसा भोंगळ, संवाद कसे विनोदी, म्हणून मित्रमंडळी जमवून हसायचं. हसा की, आम्हीही हसलो. पण तुमचं हसणं त्या सिनेमाला आणि तो बघणाऱ्या अडाणी लोकांना असतं. जणू तंबूतल्या माणसांना ते रबर आहे हे कळतच नव्हतं! त्या आजीला तुमच्या आधी शिवण दिसली होती. बाळंतपणातल्या मरणाचा शाप ऐकूनही ती हसू शकली, कारण ती भीती तिनं घरात जवळून पाहिली होती. किल्लारीच्या बाजूच्या बायांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती अंगावर कोसळताना पाहिल्या. पडका वाडा म्हणजे काय हे त्यांना पडद्यावरून शिकायचं नव्हतं.

थोड्या पैशांत आपल्या भीतीची गोष्ट नीट सांगता येते, हे २०१७ च्या 'लपाछपी' या मराठी सिनेमानं पुन्हा दाखवलं. उसाच्या फडातलं एक घर, एक गरोदर बाई, आणि मुली नको असलेलं कुटुंब. ऊस आपल्याला परका नाही. तो सिनेमा आपल्या किती गटांनी बघितला?

म्हणून माझी सूचना अशी. पुढच्या शिबिरात रात्री 'पुराना मंदिर' लावावा. बाया ओरडतील, हसतील, लेकरं आईच्या पदरात शिरतील. लागू द्या हसायला. अंघोळीचा प्रसंग आला की सिनेमा थांबवून विचारावं, हा कोणासाठी घातला? सिनेमा संपला की तीनच प्रश्न ठेवावेत: शाप कोणी दिला? भोगला कोणी? आणि सोडवायला कोणाला बोलावलं? दुसऱ्या दिवशी सकाळी कायदा समजावून सांगावा. बाया जाग्या असतील, आणि प्रश्न त्यांचे स्वतःचे असतील.

ज्येष्ठ ताईंना माझी विनंती आहे, की त्यांनी त्या रात्री पुढच्या ओळीत बसावं. शेंगा मी आणते.