विश्लेषण : घरखर्चात काटकसर नेमकी कुठे करायची? शहापूर-मुरबाडच्या घरांचा हिशेब काय सांगतो?

मे महिना संपत आला की शहापूर आणि मुरबाडच्या गावांत घर शाकारण्याची लगबग सुरू होते. फुटकी कौले बदलली जातात. आगोटीची बेगमी म्हणून मसाला, कांदे, सुकी मासळी भरून ठेवली जाते. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर वर्षभर शिवल्या जातात. त्यामुळे या भागाला काटकसर बाहेरून कुणी शिकवण्याची गरज नाही. मात्र वीजबिल, गॅस सिलिंडर आणि घरातल्या उपकरणांची दुरुस्ती हे खर्च नंतर आले आणि तिथे जुना अंदाज अनेकदा चुकतो.

वीज सर्वाधिक कुठे खर्च होते?

घरात ओरडा होतो तो मोबाइलच्या चार्जरवरून. प्रत्यक्षात १० वॅटचा चार्जर रोज २ तास वापरला तर महिन्याला जेमतेम अर्धा-पाऊण युनिट लागते. ७५ वॅटचा साधा पंखा रोज १२ तास फिरला, तर तो एकटाच महिन्याला २७ युनिट घेतो. म्हणजे उपकरण दिसायला मोठे की लहान यापेक्षा ते किती वॅटचे आहे आणि किती तास चालते, हे महत्त्वाचे.

साधारण ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याला तेवढ्याच वेळात सुमारे ११ युनिट पुरतात. बचत महिन्याला १६ युनिट. ६० वॅटचा पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज ६ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट वाचतात.

१०० युनिट ओलांडले की सगळेच बिल महाग होते का?

नाही. हा गैरसमज गावोगावी आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिला टप्पा १०० युनिटपर्यंतचा, तर दुसरा १०१ ते ३०० युनिटचा असतो. १२० युनिट वापरले तरी पहिल्या १०० युनिटला कमीच दर लागतो, वाढीव दर फक्त वरच्या २० युनिटला. पण यातच बचतीची मेख आहे. वाचवलेले युनिट बिलाच्या वरच्या टोकातून, म्हणजे सर्वात महाग टप्प्यातून कमी होते.

गॅस कसा वाचतो?

कुकरची शिट्टी म्हणजे बाहेर जाणारी वाफ. पहिली शिट्टी झाल्यावर आच मोठी ठेवून आतले तापमान वाढत नाही, फक्त गॅस जळतो. आच बारीक करणे, डाळ-कडधान्य आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे या सवयींना एक रुपयाही लागत नाही. ज्योत पिवळी दिसत असेल आणि भांड्याचे बूड काळे होत असेल तर बर्नर साफ करण्याची वेळ झाली, असे समजावे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. दोन्हींची बेरीज करून सिलिंडर घेतानाच वजन करून मागावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.

काय घरी दुरुस्त करावे, काय नाही?

गळक्या नळाखाली लोटी ठेवून पाहावी. तासाला एक लिटर पाणी जमले तर दिवसाला २४ लिटर, म्हणजे जवळपास दोन हंडे वाया जातात. वरचा कॉक बंद करून नळाचा वायसर बदलणे कुणालाही जमते. कुकरची रिंग बदलणे, दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल देणे हीदेखील घरचीच कामे.

पंखा संथ फिरत असेल तर बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो. वस्तू स्वस्त आहे, पण बटण बंद केल्यावरही त्यात विजेचा भार राहू शकतो. ते काम वायरमनकडेच द्यावे. गॅसच्या नळीला चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नये. सुरक्षा नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते. इथे वाचवलेले शंभर-दोनशे रुपये जिवावर बेतू शकतात.

हिशेबात काय सुटते?

भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे पाणी जपून वापरणे ही निवड नाही, नाइलाज आहे. लांबून आणलेल्या हंड्याची किंमत कुठल्याच बिलावर छापली जात नाही.

सरपणाचेही तसेच आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून घरातल्या बाईच्या नावाने गॅस आला. सिलिंडर परवडत नाही म्हणून पुन्हा चूल पेटली, तर वहीत बचत दिसते. पण मोळी बाईच्या डोक्यावर येते आणि धूर तिच्याच छातीत जातो. ही काटकसर नव्हे, खर्चाची बदली आहे.

कमी विजेचा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग मिळतो, ही खरी अडचण आहे. रोजंदारीवरचे घर एकदम पैसे काढू शकत नाही, म्हणून स्वस्त पंखा घेते आणि पुढे दर महिन्याला जास्त बिल भरते. बचत गटांनी लग्नकार्य, आजारपणाबरोबर अशा खरेदीलाही अंतर्गत कर्ज द्यायला हरकत नाही. वाचलेल्या बिलातून हप्त्याचा काही भाग निघू शकतो.

त्यामुळे कोणतीही काटकसर करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. महिन्याला नेमके किती वाचते? त्यात धोका आहे का? आणि त्यासाठी जास्तीचे कष्ट कोण उपसणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दरवेळी घरातली एकच व्यक्ती असेल, तर घराची बचत झालेली नाही. फक्त तिचे काम वाढले आहे.