पिशवीतलं तेल

मे २०२२ मधली गोष्ट. किराणा आला आणि तेलाच्या पिशवीवरचा भाव बघून मी बिल पुन्हा वाचलं. सूर्यफुलाचं तेल दोनशेला टेकलं होतं. "युक्रेनमध्ये लढाई चाललीय ना," वाणी म्हणाला. आईला ते काही पटलं नाही. "लढाई तिकडं, आणि कोरडे पोहे आम्ही खायचे?"

आईचा प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नव्हता. सूर्यफुलाचं तेल जगाला विकण्यात युक्रेन तेव्हा पहिला होता आणि आपण त्याचे मोठे गिऱ्हाईक. फेब्रुवारीत तिथली बंदरं बंद पडली. पाठोपाठ २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, कारण त्यांच्याच बायाबापड्यांना तेल परवडेना. बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात आपल्या कढईला चटका बसायचा तो बसला. त्यांना नावं ठेवायची सोय नव्हती. १३ मे रोजी आपणही गव्हाची निर्यात रोखली, पुढच्या वर्षी बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची. टंचाईची चाहूल लागली की जो तो आधी आपली कणगी झाकतो.

आपली गहू-तांदळाची कणगी भरलेली आहे, हे खरं. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेली माणसं अजून घरोघरी आहेत. आज रेशनवर ऐंशी कोटींहून अधिक लोकांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य फुकट मिळतं. पण फोडणीचं काय? आपल्याला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास. धान्याची जहाजं थांबली, तेलाची सुरू झाली.

हे असंच होणार होतं, असंही नाही. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण तेलात जवळपास स्वयंपूर्ण झालो होतो. मग १९९४ पासून आयात खुली होत गेली, स्वस्त पामतेल आलं आणि आपण पिशवीला सरावलो. आमच्या गावाकडं, लातूर जिल्ह्यात, ज्वारीच्या कडेनं करडईची दोन तासं असायचीच. काट्यांमुळं जनावर आत शिरायचं नाही, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, बी घाण्यावर जायचं, पेंड म्हशीला. आता तिथं खरिपात बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन आहे.

आमचा चुलतभाऊ, दादा, सोयाबीनच पिकवतो. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के, बाकी बहुतेक पेंड. त्यामुळं सोयाबीनचा भाव ठरताना ब्राझीलचं पीक किती आलं, शिकागोच्या बाजारात काय दर फुटला, हे आधी बघितलं जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. दिवाळीच्या तोंडावर पिशवी महागली आणि मी फोनवर दादाकडं कुरकुर केली.

"लेका, तुझी पिशवी महागली, पण माझं पोतं कुठं वाढलंय?" दादा म्हणाला. हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता. त्याच्या हातात चार हजारांच्या आसपास पडत होते. शुल्काचा उपयोग त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क उतरवलं, तेव्हा माझ्या घरी समाधान होतं. दादाला मी फोन केला नाही.

जहाज अडलं की माझं घर रडतं आणि जहाज वेळेवर आलं की दादाचं. गव्हाला सरकार गिऱ्हाईक म्हणून उभं राहतं तसं तेलबियांना दरवर्षी, न चुकता उभं राहत नाही, तोवर कोण कशाला करडई पेरेल?

यंदा दादानं पेरली. घरापुरती, दोन तासं. घाण्यावरून काढून आणलेलं तेल पाठवू का, म्हणून त्यानं विचारलं. मी भाव विचारला. पिशवीच्या दुपटीहून जास्त निघाला.

"बघतो," मी म्हणालो.

दादा हसला. हमीभाव मागायला गेल्यावर त्याला दरवेळी हेच उत्तर मिळतं.