मिठू फक्त आजीचंच का ऐकतो?

'माझा आवडता पक्षी' म्हटलं की निम्मा वर्ग पोपटावर लिहितो. त्यात एक वाक्य हमखास असतं : 'आमचा मिठू फक्त आजीचंच ऐकतो.' आपण खाली लाल पेनाने 'छान' लिहितो. मीही लिहायचे.

मागच्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आजी गावाला गेली की मिठू पेरूसुद्धा खात नाही, स्वतःची पिसं उपटतो." तेव्हापासून ते 'छान' लिहवत नाही.

पोपट थव्यात राहणारा पक्षी. संध्याकाळी आपल्या हिमायतबागेत जाऊन बघा, केवढा कलकलाट! तिथे त्याला जोडीदार असतो आणि थवाही. पिंजऱ्यात या दोन्ही जागा माणसाने भरायच्या. एकटी आजीच दाणे देते, बोलते, मग तो तिलाच जोडीदार मानतो. दुसऱ्याचं बोट आलं की चावतो. घरातल्या चौघांनी रोज खाऊ घातलं, बोललं, तर चौघांशी जमतं. तरी एखादं माणूस लाडकं राहतंच. यात माया आहे, नाही कसं म्हणू? पण थवा तुटल्याचं एकटेपणही आहे.

शिवाय आपला हा हिरवा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. निबंध लिहून घेताना हे आपण सांगतो का? मात्र ऐकलं आणि लगेच पिंजरा उघडला, असं करू नका. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला पोपट बाहेर उपाशी मरू शकतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर विचारा.

यंदा मी मुलांना आधी हिमायतबागेत नेणार आहे. निबंध नंतर.